चार लाकडं, एक हात

सदर इसम अंगाने किरकोळ, रंगाने निमगोरा, वय निवृत्तीच्या अलीकडे व उत्साहाच्या पलीकडे. ओळखीची खूण : डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांस घट्टे, उजव्या हाताची नखे वाढवलेली, डाव्याची नाहीत. हुद्दा : ज्येष्ठ वादक तथा नाद-तुलनाकार. कार्यक्षेत्र : दुकानामागील श्रवणकक्ष, त्यातील एक खुर्ची, एक गालिचा व ग्राहकांसाठी एक बाक. कर्तव्य : निरनिराळ्या लाकडांपासून बनवलेल्या गिटारींमधील नादभेद ग्राहकास निःपक्षपातीपणे वाजवून दाखवणे. सदर इसमाव्यतिरिक्त अन्य कोणीही, विशेषतः वादनाचे ज्ञान नसलेल्या व्यक्तीने, तुलनेच्या वाद्यांस हात लावू नये. आज्ञेवरून.

हा मजकूर श्रवणकक्षाच्या दाराबाहेर फलकावर रंगवलेला आहे. नखांची माहिती कशाला घातली, हे रंगाऱ्यालाच ठाऊक. इतकं भारदस्त वर्णन ज्यांचं आहे त्यांना सगळे काटाकाका म्हणतात. काटा हे त्यांचं आडनाव नव्हे, तराजूचा काटा. हे नाव मिस्त्रींनी ठेवलं. मिस्त्री म्हणजे वरच्या मजल्यावर गिटारी बनवणारे गृहस्थ, काकांचे जुने स्नेही, आणि जुने स्नेही जे करतात ते सगळं नेमानं करणारे : टोमणे मारणं, डबा उघडून बघणं आणि पाठीमागे कौतुक करणं.

काका मूळचे पॉलिशवाले. गिटारीला चकाकी आणायची, ती वाळली की तारा चढवायच्या, आणि तारा बसल्या की नाही हे बघायला चार सूर छेडायचे. मोठे मालक, म्हणजे आताच्या मालकीणबाईंचे वडील, एकदा जिन्यातून उतरता उतरता थांबले आणि म्हणाले, "हा माणूस प्रत्येक गिटारीवर तेच वाजवतो. तेही अगदी तसंच." दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ही तक्रार ठरली असती. मालकांना त्यात गुण दिसला. त्यांनी काकांना ब्रशमधून सोडवलं आणि खुर्चीत बसवलं.

तेव्हापासून काका एक तुकडा वाजवतात. कपात साखर ढवळायला लागतो तेवढ्याच वेळाचा. त्याला नाव नाही. तो त्यांनी रचला की कुठून त्यांच्या बोटांना चिकटला, हेही आता सांगता येणार नाही. त्याखेरीज त्यांना दुसरं काही वाजवता येत नाही, आणि यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. वजन करणारा एकच माप वापरतो. एकदा मेव्हण्याच्या घरी कुणीतरी त्यांच्या हातात गिटार दिली. काकांनी तुकडा वाजवला. माणसांनी माना डोलावल्या आणि म्हटलं, "वा, आता दुसरं काहीतरी होऊ द्या." काकांनी विचारलं, "दुसरी गिटार आहे का?"

तुलनेसाठी चार गिटारी आहेत. मिस्त्रींनी त्या एकाच मोसमात, एकाच मापाच्या, एकाच हातानं केल्या. पुढची फळी चौघींचीही स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची आणि एकाच ओंडक्यातून निघालेली. तारा एकाच जातीच्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा : एक शिसवीची, एक महोगनीची, एक मेपलची, एक अक्रोडाची. मिस्त्री त्यांना चार जावा म्हणतात. माहेरं वेगळी, सासर एक. "तोंडं सारखी दिसतात," ते म्हणतात, "पण बोलायला लागल्या की कोण कुठल्या घरची ते कळतं."

काका गिऱ्हाइकाला बाकावर बसवत, चारही गिटारींवर तोच तुकडा वाजवत आणि मध्ये मध्ये शांतपणे सांगत. शिसव : बोलून झाल्यावरही उंबऱ्यात घुटमळते. महोगनी : मुद्द्याचं बोलते, पाल्हाळ नाही. मेपल : लख्ख, शब्द पडला की पडला. अक्रोड : मध्यम; कुणाशी वाकडं नाही. ही वाक्यं इतक्या वर्षांत गुळगुळीत झाली होती. गिऱ्हाईक डोळे मिटून ऐके, "हो हो, जाणवतं," असं म्हणे आणि बहुतेक वेळा जिचं लाकूड डोळ्यांना आवडलं होतं तीच घेऊन जाई.

असं सुरळीत चाललं असताना मालकीणबाईंनी मायक्रोफोन आणला.

त्यात वाईट हेतू कुठलाच नव्हता. लांबच्या गिऱ्हाइकांना घरबसल्या तुलना ऐकता यावी, एवढंच. मायक्रोफोन जावयासारखा खोलीच्या मधोमध बसवला गेला आणि त्याच्यासमोर सगळे जपून वागू लागले. काकांनी नवीन सदरा घातला. मायक्रोफोनला सदरा दिसत नाही, असं मिस्त्रींनी सांगितलं, तेव्हा काका म्हणाले, "मला दिसतो." चारही गिटारींवर तुकडा वाजवून झाला. मग तिघं वरच्या ऑफिसात बसली आणि मालकीणबाईंनी क्रम उलटसुलट करून, नावं झाकून, ध्वनिमुद्रण लावलं.

"पहिली मेपल," काका म्हणाले.

"शिसव," मालकीणबाई म्हणाल्या. "पुढची?"

"ही शिसव."

"ही अक्रोड."

काकांनी उरलेल्या दोन्हीही चुकवल्या. मिस्त्रींची एक बरोबर आली, पण का आली हे त्यांना सांगता येईना. मालकीणबाईंनी पुन्हा लावलं, मग पुन्हा. चौघी जावा एका सुरात, एका वजनात, एकमेकींच्या मापात बोलत होत्या. प्रत्यक्षात चार जावा असं कधी बोलत नाहीत.

"माईकमध्ये काहीतरी असेल," काका म्हणाले.

"नवा आहे, काका."

"नव्यातच असतं."

मग मिस्त्रींनी खाली जाऊन चारही गिटारींच्या पाठीवर बोटाच्या सांध्यानं टकटक केली आणि ते मुद्रण लावलं गेलं. चार लाकडं चार तऱ्हांनी बोलली. शेजारच्या खोलीतल्या हिशेबनिसालाही फरक कळला असता. म्हणजे माईक निर्दोष होता आणि लाकूडही निर्दोष होतं. उरलं कोण, ते उघड होतं.

मालकीणबाई लहान असताना काकांच्या पॉलिशच्या खोलीत भुशाच्या पोत्यावर झोपत असत. त्यामुळे त्या त्यांना लागेल असं बोलत नाहीत. "काका, टकटक करायला कुणी गिटार घेत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वाजवल्यावर फरक पडत नसेल, तर मी चार प्रकारचं लाकूड कशाला आणायचं, आणि ती खोली तरी कशाला ठेवायची? बघू."

मालकीणबाईंचं 'बघू' हे त्यांच्या वडिलांकडून आलेलं आहे. त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नसतं.

त्या संध्याकाळी काकांनी ताटातला भात नुसता चिवडला. काकूंनी आधी पोटाची चौकशी केली, मग चपलेची. काकू शिवणकाम करतात. दुकानाच्या गिटारींची कव्हरं त्याच शिवतात, घरी, मशीनवर, आणि गठ्ठा बांधून पाठवून देतात. माणसाचं दुखणं त्या कापडासारखं चाचपतात : कुठंतरी शिवण उसवलेली असणार, ती सापडेपर्यंत धीर धरायचा.

"मी खोटं बोलतो का गं?" काकांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"एकंदरीत."

काकूंनी विचार केला. "एकंदरीत नाही," त्या म्हणाल्या, आणि ताट उचललं.

खोलीची, खुर्चीची चिंता होतीच; पण काकांना खरं टोचत होतं ते हे. इतक्या माणसांना बाकावर बसवून त्यांनी जे सांगितलं, ते सगळं थापा होत्या का? शिसव उंबऱ्यात घुटमळते, हे त्यांनी कानानं ऐकलं होतं की मोठ्या मालकांच्या तोंडून? सकाळी ते लवकर जाऊन एकटेच बसले आणि चौघींना वाजवून बघितलं. फरक होता. स्वच्छ होता. मेपलचा कडकपणा, शिसवीची ओढ, सगळं जागच्या जागी. मिस्त्री दारात येऊन उभे राहिले.

"येतंय ऐकू?"

"स्वच्छ."

"मला नाही येत," मिस्त्री म्हणाले. ते टोमणा मारतील असं वाटलं होतं. ते तसेच वर निघून गेले. मिस्त्रींनी टोमणा मारला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांचंही काही पणाला लागलं होतं : माणूस आयुष्यभर फळ्या निवडतो, वर्षानुवर्षं वाळवतो, आणि शेवटी सगळ्या सारख्याच निघाल्या तर त्याला सुतार म्हणतात.

दोन-तीन दिवसांनी दुपारी काकू स्वतः दुकानात आल्या. त्या सहसा येत नाहीत. गळ्यात मापाची फीत, बगलेत राखाडी कापडाचा ताका आणि कच्चं शिवलेलं एक अस्तर.

"तू इथं कशी?"

"मालकीणताईंचा निरोप आला. चार कव्हरं हवीत, जाड, आतून मऊ. माप प्रत्यक्ष घ्या म्हणाल्या." काकूंनी खोलीभर बघितलं. "तुमच्या या चौघींचीच."

गिटार रोज वाजवायची असेल तर तिला जाड कव्हर लागत नाही. काकांना हे कळलं, काकूंनाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि नवऱ्याची खोली बंद करायचं कापड आपणच घेऊन आलो आहोत हेही कळलं. त्या क्षणभर ताका तसाच धरून उभ्या राहिल्या.

"मी सांगते ताईंना, मला वेळ नाही म्हणून."

"दुसऱ्या कुणाकडून शिवून घेतील. ते वाईट शिवतील," काका म्हणाले. "घे माप."

ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले, पाठमोरे. स्वतःच्या खुर्चीकडे बघत राहण्यापेक्षा जिना बघणं सोयीचं होतं.

काकूंची कामाची एक सवय आहे. कापड कुठलंही असो, हातात घेतलं की त्या त्यावरून अंगठा ओढतात. वीण कुठं अडते, धागा कुठं निघतो, ते अंगठ्याला आधी कळतं. अस्तर तारांना कुठं अडकेल हे बघायला त्यांनी पहिल्या गिटारीवरूनही तसाच अंगठा ओढला, वरून खाली, एका चालीनं. मग दुसरीवरून, मग तिसरीवरून, मग चौथीवरून. डावा हात दांडीवर होता, पण तारा दाबत नव्हता. गिटार त्यांच्या लेखी एक अवघड आकाराचं बाळ होतं, ज्याला अंगडं बसवायचं होतं.

काका वळले.

"काय केलंस?"

"मी? काही नाही. हात लागला."

"पुन्हा लागू दे."

"अहो, मुद्दाम नाही केलं. बाहेर लिहिलंय ते वाचलंय मी, हात लावू नये म्हणून."

"वाचलंस ना, मग लाव."

काकूंनी नवऱ्याकडे जरा काळजीनं बघितलं आणि पुन्हा चौघींवरून अंगठा ओढला. काका दाराशीच उभे होते. शिसवीचा आवाज निघाला, खोलीत फिरला आणि जायचं नाव घेईना. महोगनी बोलली आणि गप्प झाली. मेपल तर भांडं पडल्यासारखी वाजली. आणि अक्रोड मध्यम नव्हतीच. तिच्या तळाशी काहीतरी खरखरीत, कोरडं होतं, थकलेल्या पण स्पष्ट बोलणाऱ्या बाईसारखं. अक्रोडाचा हा आवाज काकांनी कधीच ऐकला नव्हता.

त्याचं एक कारण साधं होतं, इतकं साधं की कुणाला सुचलं नाही. गिटारीचं तोंड पुढं असतं. वाजवणारा तिच्या मागं बसतो. काकांनी या चौघींना जन्मभर पाठीमागून ऐकलं होतं, घरातल्या माणसानं भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तसं.

दुसरं कारण मात्र वाईट होतं.

"आता मी वाजवतो. तू इथं ये, दाराशी," काका म्हणाले आणि त्यांनी तुकडा वाजवला, चौघींवर.

"काय वाटतं?"

"तुमचं होय? सगळं सारखंच वाटतं."

"आज?"

"नेहमीच." काकू संकोचल्या. "तुम्ही म्हणायचात वेगळं आहे. म्हटलं, असेल. मला काय त्यातलं कळतं."

काकांनी मेपल पुन्हा मांडीवर घेतली आणि या वेळी आवाजाकडे लक्ष न देता स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत वाजवलं. हात आपण होऊन घोडीपासून, म्हणजे तारा जिथं फळीवर बसतात तिथून, दूर सरकला, भोकाच्या बाजूला, जिथं सूर मऊ निघतो. नखही आडवं झालं. मग शिसव घेतली. हात पुन्हा घोडीकडे आला आणि बोटं कोरडी, आखडती पडू लागली. महोगनीला तो जरा रेंगाळून वाजवत होता. अक्रोडाची खरखर नखानं नव्हे, बोटाच्या मांसानं झाकत होता. चौघींपैकी जिच्याकडे जे कमी, ते हा हात तिला घालत होता, आणि जास्त असेल ते काढून घेत होता. वर्षानुवर्षं एकच तुकडा अगदी तसाच वाजवायचा, या एका ध्यासापायी त्यानं लाकडांना बोलूच दिलं नव्हतं. फरक काकांना जाणवत होता तो खरा होता. पण तो कानाला नव्हे, बोटांच्या मेहनतीला कळत होता. बाकावरच्या माणसापर्यंत पोचायच्या आत हात तो पुसून टाकत होता.

मिस्त्रींना खाली बोलावलं. त्यांनी आधी काकूंचा अंगठा ऐकला, मग काकांचा तुकडा, मग पुन्हा अंगठा. ते बाकावर बसले आणि गुडघे चोळू लागले. त्यांच्या फळ्या त्यांना परत मिळाल्या होत्या.

"काट्या," ते म्हणाले, "तू काटा मारत होतास रे. तोही प्रामाणिकपणे."

"म्हणजे मी खोटं बोललो नाही."

"नाही. तू खरं बोलायचास आणि खोटं वाजवायचास."

काका खुर्चीत बसले होते, मेपल अजून मांडीवर. ते हसले, पण उशिरा.

मालकीणबाईंना भिंतीकडे तोंड करून बसवलं. आत कोण वाजवणार हे त्यांना सांगितलं नव्हतं. काकूंनी मापाची फीत काढून ठेवली, पदर खोचला आणि मिस्त्रींना दम भरला, "हसलात तर कव्हर तुम्हाला घालीन." मग अंगठा ओढला.

"शिसव," भिंतीकडे बघत मालकीणबाई म्हणाल्या. पुढचा आवाज झाला. "मेपल." मग तिसरा आवाज झाला. "ही... ही काय आहे? ही आपलीच आहे?"

"अक्रोड," काका म्हणाले.

"बाबा म्हणायचे, अक्रोडात काहीतरी आहे, कुणी काढत नाही ते." त्या वळल्या. खुर्चीत काकू, बाकावर मिस्त्री, आणि काका गिऱ्हाइकांच्या बाजूला, भिंतीला टेकून उभे. जागा बदललेल्या बघून त्यांना काय ते कळलं. "काका, हे तुम्ही शोधलंत?"

"हिनं. न शोधता."

"मग कव्हरांचं काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"कापड बेतून झालंय," काकू म्हणाल्या. "मी शिवणार."

कव्हरं शिवली गेली. दुकान बंद होताना चौघींना ती घालतात आणि सकाळी काढतात. धूळ बसत नाही, एवढा फायदा झाला. लाकडं चारही चालू राहिली. ध्वनिमुद्रण नव्यानं झालं. मायक्रोफोनपुढे काकू बसल्या, आणि काकांचा नवा सदरा पुन्हा वाया गेला.

आता काकू दुपारी शिवण आवरून येतात. गिऱ्हाईक बाकावर बसतं, शेजारी काका बसतात आणि काकू अंगठा ओढतात. मध्ये मध्ये काका सांगतात. त्यांना आपली जुनी वाक्यं तपासून घ्यावी लागली. शिसव आणि महोगनी यांची तशीच राहिली. मेपलच्या बाबतीत 'लख्ख' हा शब्द सौम्य होता, हे त्यांना मान्य करावं लागलं. अक्रोडाबद्दल ते आता काही सांगतच नाहीत. "ऐका," एवढंच म्हणतात. ज्या बाईला इतकी वर्षं 'मध्यम' म्हटलं, तिच्याविषयी लगेच तोंड उघडणं त्यांना बरं वाटत नाही.

धोका एकच होता, आणि तो पावसाळ्याआधीच दिसू लागला. एका दुपारी मेपलचा आवाज नेहमीपेक्षा गोड आला. काकांनी मान वर केली. गिऱ्हाईक गेल्यावर ते म्हणाले, "तू तिला सांभाळून घेतलंस."

"किंचाळते हो ती. माणसं बसलेली असतात समोर."

"किंचाळू दे. तिचं तेच आहे."

"तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत ते चाललं?"

"नाही चाललं," काका म्हणाले. "म्हणून तर सांगतोय."

काकूंनी अंगठ्याकडे बघितलं आणि मेपलवरून पुन्हा ओढला, कापडावरून ओढतात तसा, दयामाया न करता. मेपल किंचाळली. दोघांचं समाधान झालं. मिस्त्रींनी तर वर जाहीरच करून टाकलं आहे, की वहिनींना जो कुणी गिटार शिकवायला जाईल त्याला दुकानाची पायरी चढू दिली जाणार नाही.

दुकान बंद होताना, कव्हरं घालायच्या आधी, काका कधी कधी खुर्चीत बसतात आणि चौघींवर तुकडा वाजवतात. सवय आहे, हाताला काही सांगितलेलं नाही. चौघी अगदी सारख्या बोलतात. काकू दोरे आवरता आवरता ऐकतात आणि म्हणतात, "घरात असं असतं तर." मग दिवा मालवतात.

फलक बदललेला नाही. रंगारी गाव सोडून गेला, आणि मजकुराला मोठ्या मालकांची मान्यता असल्यामुळे मालकीणबाईंनी तो तसाच ठेवला. ज्येष्ठ वादक तथा नाद-तुलनाकार. अन्य कोणीही, विशेषतः वादनाचे ज्ञान नसलेल्या व्यक्तीने, हात लावू नये. आज्ञेवरून.

गिटार काकू वाजवतात. त्यांना गिटार वाजवता येत नाही.